पाडसांना धाक लावणारी बाई

कारंज्याच्या माळीपुऱ्यात धुरपताबाईचं नाव निघालं की बायका आवाज खाली करायच्या. भीतीनं नव्हे, धुरपताबाईनं कधी कोणाचं वाकडं केलं नव्हतं. पण पहिली मोठी लढाई संपत आली त्या साली मानमोडीच्या तापाची साथ आली, आणि तिचा नवरा, मुलगा आणि धाकटी मुलगी अशी तिघं एका आठवड्याच्या आत गेली, तेव्हा ही बाई रडली नाही. गावात घरोघर माणसं मरत होती, रडायला कोणाला उसंत नव्हती, हे खरं. पण साथ ओसरल्यावर बाकीच्यांनी राहिलेलं रडणं रडून घेतलं. धुरपताबाईनं तेही केलं नाही. मुलीला पोचवून माणसं परत आली, त्याच दिवशी कलत्या उन्हात तिनं वांग्याच्या वाफ्यांना पाणी दिलं. शेजारणीनं ते कुंपणावरून पाहिलं. कारंज्यात बातमी पोचायला तार लागत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या माळीपुऱ्याला ठाऊक झालं की धुरपताबाईचं काळीज दगडाचं आहे.

आता खरं सांगायचं तर वाफे सुकत चालले होते आणि पाणी द्यायला घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं. पण एवढा साधा विचार करायची गावाला सवय नसते. आणि धुरपताबाईची काही तक्रारही नव्हती. तिला आतून काही वाटतच नव्हतं. सकाळ व्हायची, ती उठायची. भाकरी खायची, पण कालवण तिखट होतं की आळणी हे तिला सांगता आलं नसतं. दीर शालिकराम आणि जाऊ रंगूबाई यांनी तिला आपल्यात घेतलं. माणसं बरी होती. बाई एकदा मोकळी होईल म्हणून रंगूबाई सुरुवातीला तिच्यासमोर मुद्दाम गेलेल्यांच्या आठवणी काढायची. धुरपताबाई ऐकून घ्यायची आणि मेथीच्या जुड्या बांधत राहायची. शेवटी रंगूबाईलाच रडू कोसळायचं. अशी वर्षं गेली.

मळ्याच्या बांधाला लागून पांजरपोळ होता. गावातल्या काही जैन व्यापाऱ्यांनी धर्मादाय चालवलेला. म्हातारे बैल, भाकड गाई, कसायाच्या हातून सोडवलेल्या बकऱ्या, असा सगळा कोणाला नको झालेला गोतावळा तिथं मरेपर्यंत बसून खायचा. बाजारातून उरलेला मुळ्याचा पाला आणि किडकी वांगी धुरपताबाई रोज तिथं नेऊन टाकायची. कारभार नेमासा पाहायचे. कापसाचे मोठे व्यापारी, हट्टी, आणि जीवदयेच्या बाबतीत तर चिवट म्हणावे इतके. बाकीचे पंच पर्युषणात एकदा येऊन गाईंना गूळ चारून जायचे. नेमासा रोज यायचे आणि धोतराचा सोगा वर धरून शेणात उभे राहायचे.

या नेमासांच्या डोक्यात हरणं शिरली. धुरपताबाई लहान होती तेव्हा सोहोळकडच्या माळावर हरणांचे असे कळप असायचे की गाडीवानाला बैल थांबवून त्यांना वाट द्यावी लागे. मग बंदुका वाढल्या. अमलदार, त्यांचे पाहुणे, आणि पाहुण्यांचं पाहून चेकाळलेले आमचेच मोठ्या घरचे हौशी लोक. पायी माणसाला हरीण बुजतं, पण बैलगाडीला बुजत नाही, कारण ती त्याच्या रोजच्या पाहण्यातली. म्हणून हे शूरवीर गाडीच्या आडून चालत जायचे आणि अगदी जवळ गेले की बार काढायचे. आधी काळवीट संपत आले, मग माद्याही पडू लागल्या. कापणीच्या वेळी गवतात आई नसलेली पाडसं सापडायची. कापणारे ती उचलून पांजरपोळात आणून द्यायचे.

पंच म्हणाले, हरणं हे काही आपलं काम नव्हे, त्यांना कोणी मालक नाही. नेमासा म्हणाले, ज्याला मालक आहे त्याला निदान कोणीतरी आणून तरी सोडतो, हरणाला कोण आणणार? वाढवू आणि परत माळावर सोडू. नाहीतर पोराबाळांना हरीण दाखवायला नागपूरच्या प्राण्यांच्या बागेत न्यायची पाळी येईल. पंचांनी मान डोलावली. नेमासांपुढे दुसरं काही करता येत नसे.

पाडसं सांभाळायचं काम जगदेवकडे गेलं. जगदेव मूळचा केनवडचा, पांजरपोळातला जुना गडी, आणि मनानं लोण्यासारखा. तो पाडसांना मांडीवर घेऊन दूध पाजायचा, तळहातावर ज्वारी चारायचा, नावानं हाका मारायचा. पाडसं त्याच्या मागून थेट बाजारापर्यंत जायची. गावाला मोठं कौतुक. मोठ्या घरच्या बायका मुलांना घेऊन यायच्या आणि पाडसं त्यांच्या ओंजळीतला गूळ चाटायची.

ती मोठी झाली तेव्हा सोडण्याचा सोहळा झाला. पोळ्याला बैल सजवावेत तशी जगदेवनं हरणं सजवली. शिंगांना हिंगूळ, गळ्यात लाल गोंडा आणि घुंगरू. घुंगरू तर हवंच होतं. देवाच्या नावानं सोडलेल्या वळूला खूण असते म्हणून त्याला कोणी काठी लावत नाही. हरणांनाही तशी खूण असली की बंदूकवाला हात आवरील, असा सगळ्यांचाच विचार होता आणि तो काही वाईट नव्हता. बायकांनी ओवाळलं. वाजंत्री लावून वरात माळावर गेली. धुरपताबाई बांधावर उभी राहून पाहत होती, मग मळ्यात गेली.

माळावरच्या कळपानं घुंगरं ऐकली आणि तो उधळला. सजवलेली हरणं त्याच्यामागे धावली, तसा तो आणखी लांब पळाला. वाजणाऱ्या हरणाला हरणं आपल्यात घेईनात. थकून ती बिचारी फिरली आणि जिकडे माणूस दिसेल तिकडे जाऊ लागली, कारण माणूस म्हणजे ज्वारी एवढंच त्यांना ठाऊक होतं. काहींना शिवारातल्या कुत्र्यांनी फाडलं. एक आपणहून वाटेवरच्या गाडीपाशी गेलं आणि गाडीआड बंदूक होती. पंधरवडा उलटायच्या आत सगळी संपली. जगदेवनं माळभर हिंडून घुंगरं गोळा केली, नेमासांच्या पुढ्यात ठेवली आणि तो केनवडला लेकीकडे निघून गेला. पुन्हा कारंज्यात आला नाही.

नेमासांनी अंथरूण धरलं. उठले ते छोट्या रेल्वेगाडीनं मूर्तिजापूर आणि तिथून नागपूर. प्राण्यांच्या बागेत तारेच्या आवारात हरणं होती, त्यांना पाडसंही होत होती. पण माणूस दिसला की ती तारेला नाक लावायची. तिथल्या मदनसिंग नावाच्या जुन्या रखवालदाराला नेमासांनी आपली सगळी कर्मकथा सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, इथली हरणं इथंच जगतात, आणि त्यांना इथं ठेवायचं म्हणून ते ठीकच आहे. पण माळावर जगवायचं असेल तर त्यांना माणसाचा हात, आवाज, हातचा दाणा, यातलं काही माहीत होता कामा नये. आणि झालंच माहीत, तर माणसाचा धाक बसला पाहिजे. आमच्यानं ते होत नाही, रोज पाहिलं की माया लागते.

नेमासा परत आले तेव्हा कापणीची नवी पाडसं पांजरपोळात बांधलेली होती आणि सगळे गडी त्यांना कुरवाळत होते. असा माणूस आणायचा कुठून? एका सकाळी धुरपताबाई पाला टाकायला आली. एक पाडस दाव्यासकट तिच्याजवळ सरकलं आणि तिच्या लुगड्याला नाक लावू लागलं. तिनं टोपली झटकली आणि वळली.

"धुरपताबाई, तुले हे लेकरू दिसलं नाई काय?" नेमासांनी विचारलं.

"दिसलं."

"हात नाई लावला त्याले."

"कायले लावू?"

नेमासांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. शालिकरामशी बोलणं झालं. एक पंच म्हणाले की त्या बाईच्या अंगात माया नाही, जनावरं उपाशी मारील. त्यावर नेमासा तिच्यासमोरच बोलून गेले, "मले माया नसलेलाच हात पायजे. मायेनं आंधीचे सारे मेले." बोलल्यावर त्यांचे कान लाल झाले. धुरपताबाईला त्याचं काही वाटलं नाही. पाला टाकायला यायचंच होतं, तिथं आणखी थोडा वेळ थांबायचं.

माळाच्या बाजूला पांजरपोळाची पडीक जागा होती. तिला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा उंच कूड घातला आणि शेणानं लिंपला, म्हणजे आतल्याला बाहेरचं माणूस दिसू नये. दुधाला कसायापासून सोडवलेल्या बकऱ्या होत्याच. धुरपताबाई पहाटे बकऱ्या आत ढकलायची आणि बाहेर कुडाआड बसायची. पाला कुडावरून आत फेकायची, तो कोणी दिला हे पाडसांना कळू नये म्हणून. बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. अधूनमधून माळीपुऱ्यातलं एक भुंकरं कुत्रं साखळीला धरून कुडाभोवती फिरवायचं आणि फुटका डबा बडवायचा. पाडसं आत धडका घेत सैरावैरा धावायची. नेमासांना ते ऐकवत नसे, त्या वेळी ते मंदिरात जाऊन बसायचे. धुरपताबाई सांगितलं होतं तेवढा वेळ डबा बडवायची आणि मग मळ्यात जाऊन मिरच्या तोडायची.

गूळ घेऊन येणाऱ्या बायकांना तिनं दारातूनच परत पाठवलं. गोमतीबाई नावाची एक मोठ्या घरची बाई नातवाला घेऊन आली होती, तिलाही. तिनं घरी जाऊन सांगितलं की पांजरपोळात आता डाकीण ठेवली आहे. भाजी विकताना रंगूबाईला हे चार ठिकाणी ऐकावं लागलं. तिनं रडत रडत जावेची विनवणी केली की सोडा हे काम, आपला मळा काय कमी आहे. धुरपताबाई बरं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेली. रंगूबाईशी तिचं भांडण नव्हतं. ऐकलेलं तिच्या मनापर्यंत पोचतच नव्हतं.

त्याच हंगामात शेवटच्या कापणीला एक मादी पाडस आलं. विळा कानावर बसला होता आणि कान मधोमध फाटलेला. आणणाऱ्यानं चिंधी बांधली होती. ती सोडली तर आत अळ्या. आता मदनसिंगनं काही सांगितलेलं असो, अळ्या काही कुडाबाहेरून काढता येत नाहीत. धुरपताबाईनं सीताफळाचा पाला वाटला, पाडस गुडघ्यांत धरलं, जखमेवर रस पिळला आणि बाभळीच्या काट्यानं एकेक अळी काढली. रोज करावं लागलं. पाडस आधी तडफडायचं, मग नुसतं थरथरू लागलं, मग तेही थांबलं. एक दिवस काम झाल्यावर तिनं गुडघे सैल केले तरी ते उठलं नाही. तिच्या ओच्यात नाक खुपसून झोपी गेलं. ऊन चढेपर्यंत धुरपताबाई तशीच बसून राहिली. पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून उठता येत नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं.

कान बरा झाला, दोन पाकळ्यांचा राहिला. आणि व्हायचं तेच झालं. बाकीची पाडसं चाहूल लागताच पळायची. फाटक्या कानाची मात्र कुडापाशी यायची आणि फटीतून नाक बाहेर काढायची. धुरपताबाई बाहेरून चालू लागली की आतून तीही बरोबरीनं चालायची.

नेमासांनी हे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे नाई वाचत," ते म्हणाले. "हे जाईन त्या गाडीपाशी." मग म्हणाले की हिला जन्मभर इथंच ठेवू किंवा नागपूरच्या बागेत देऊ. तिथं कोणी मारणार नाही.

"आन् धाक बसला तं?" धुरपताबाईनं विचारलं.

"कसा बसंन? कोन लावंन?"

उत्तर नेमासांना ठाऊक होतं. पण मुंगी चुकवून पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या तोंडून ते निघणार कसं? ते खाली पाहत म्हणाले की हे मी सांगू शकत नाही.

"तुमी सांगू नका," धुरपताबाई म्हणाली. "तुमी मंदिरात जा."

बांधावरच्या निरगुडीचा एक ओला फोक तिनं तोडला आणि कुडाच्या आत गेली. पाडस धावत आलं. तिनं त्याच्या पाठीवर फोक मारला. पाडसाला काय झालं ते कळलं नाही. दोन पावलं सरकलं आणि परत आलं. तिनं पुन्हा मारला. दुसऱ्या सकाळी ते पुन्हा आलं, जरा दबकत. पुन्हा मार. असं बरेच दिवस चाललं. वळ उठावा पण कातडं फुटू नये, एवढं ती सांभाळत होती. ओल्या फोकानं तिचा स्वतःचा तळहात सोलवटला. रंगूबाईनं विचारलं तर काटा लागला म्हणाली.

मग एक सकाळ अशी आली की कुडाचं दार वाजताच पाडस पलीकडच्या कोपऱ्यात गेलं आणि इतरांच्या आड लपलं. धुरपताबाई थोडी थांबली. ते आलं नाही. तिनं फोक टाकून दिला, बाहेर आली आणि पाला फेकला. त्या दिवशीही तिला काही वाटलं नाही. निदान तिला तसं वाटलं.

श्रावणात माळावर गवत गुडघ्याएवढं झालं. या वेळी वाजंत्री नाही, ओवाळणं नाही, हिंगूळ नाही. खूण नसलेलं हरीण कोणाच्याही बंदुकीला मोकळं, असं म्हणून पंच हळहळले. नेमासा घट्ट राहिले. धुरपताबाईनं माळाकडच्या बाजूचा कूड थोडा काढून ठेवला आणि ती मळ्यात निघून गेली. संध्याकाळी येऊन पाहिलं तर आत एकही हरीण नव्हतं. बकऱ्या तेवढ्या रवंथ करत बसल्या होत्या.

दिवाळी झाली. मेलेल्या हरणाची बातमी आली नाही. पण जिवंत हरणाची बातमी कोण आणतं? थंडी पडल्यावर नेमासांना राहवेना. त्यांनी दमणी जुंपली आणि धुरपताबाईला बरोबर घेतलं. वाटेत ते एकसारखे बोलत होते. नागपूरच्या बागेत माद्या जास्त झाल्या होत्या, त्यातल्या काही पांजरपोळाला मिळणार होत्या. पाडसं आता आपल्या कुडातच होतील, वर्षाकाठी माळावर हरणं सोडता येतील, फक्त ही पहिली तगली पाहिजेत. फाटक्या कानाचीबद्दल ते काही बोलले नाहीत. धुरपताबाईनं विचारलं नाही.

सोहोळच्या अलीकडे कळप दिसला. मोठा नव्हता, पण मध्ये एक काळा नर होता आणि भोवती माद्या चरत होत्या. गाडी पाहून त्यांनी माना वर केल्या आणि परत खाली घातल्या. गाडीला बुजत नाहीत ही खोड अजून गेली नव्हती. नेमासांनी गाडी उभी केली. धुरपताबाई उतरली आणि गाडीच्या आडून चालत गेली, शिकारी जातात तशी. मग आडोसा सोडून उघड्यावर आली.

एका मादीनं मान वर केली. दोन पाकळ्यांचा कान लांबूनही ओळखू येत होता. ती चांगली भरली होती, पाठ चकाकत होती. ती हलली नाही, धुरपताबाईकडे पाहत राहिली. तिच्या मागं दुसऱ्याही थांबल्या. धुरपताबाईचे हात मोकळे होते. ती आणखी थोडी पुढे गेली. वारा तिच्या पाठीकडून वाहत होता. तो हरणीपर्यंत गेला असावा, कारण तिनं नाक उचललं, आणि दुसऱ्या क्षणाला ती हवेत होती. सगळ्यांच्या आधी ती पळाली. मग सगळा कळप तिच्या मागून उड्या घेत माळाच्या उतारापलीकडे गेला.

धुरपताबाई उभी होती तिथंच उभी राहिली. हरणीनं यावं असं तिला वाटलं होतं. एकदाच, फक्त ओच्याला नाक लावण्यापुरतं. गाडीत बसताना वाटलं होतं, वाटेत वाटलं होतं, मोकळ्या हातानं पुढे जाताना तर फार वाटलं होतं, आणि हे तिचं तिला हरणीची पळती पाठ दिसेपर्यंत माहीत नव्हतं.

नेमासा गाडीपाशी हात जोडून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पाह्यलं काय, धुरपताबाई? सगळ्याइच्या आंधी पळाली."

"मले पाहून पळाली."

"हेच तं पायजे होतं आपल्याले."

"व्हय," ती म्हणाली.

गाडी वळली. कारंज्याच्या जिनिंगची धुराडी दिसू लागली तेव्हा ती नेमासांना म्हणाली, "सावजी, माह्याच्यानं आता मारवत नाई. दुसरं कोनी पाहा."

नेमासांनी काहून म्हणून विचारलं नाही. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि नुसतं पाहतो म्हणाले. माया नसलेला हात म्हणून आपण कोणाला धरून आणलं होतं, हे त्यांना त्या वेळी कळलं असावं.

घरी येऊन धुरपताबाई भिंतीकडे तोंड करून निजली. रंगूबाईनं भाकरी आणली तर म्हणाली, कालवण खारट झालं. इतक्या वर्षांत तिनं जेवणाला नाव ठेवण्याची ही पहिली वेळ. रंगूबाई चरकली. मग धुरपताबाईनं विचारलं की पोराला नेलं तेव्हा त्याच्या अंगावर काय घातलं होतं, आणि रंगूबाईनं सांगितलं. मग नवऱ्याचं विचारलं. मग मुलीचं. एकेकाची बातमी आत्ता आल्यासारखी ती ऐकत होती, आणि तेव्हा तिला रडू आलं. ते कित्येक दिवस थांबलं नाही. माळीपुऱ्यातल्या बायका येऊन बसून गेल्या, आता कोण मेलं म्हणून एकमेकींना विचारत. रंगूबाईनं कोणाला काही सांगितलं नाही.

इकडे कुडात नव्या कापणीची दोन पाडसं आली होती. त्यातलं एक कापणाऱ्यानं महिनाभर घरी ठेवून हातानं दूध पाजलेलं, त्यामुळे माणूस दिसला की लोचट लेकरासारखं मागं लागायचं. नेमासांना दुसरं माणूस मिळालं नव्हतं. मिळणार कुठून? एक गडी तयार झाला होता, पण त्याचा हात जड होता आणि त्यात त्याला गंमत वाटत होती. नेमासांनी त्याला कुडाच्या जवळ येऊ दिलं नाही. ते पाडस नागपूरला द्यायचं असं ठरवून ते एका सकाळी कुडापाशी आले, तर दार नुसतं लोटलेलं होतं.

त्यांनी फटीतून पाहिलं. आत धुरपताबाई होती. हातात निरगुडीचा फोक होता. पाडस मार खाऊन बाजूला झालं होतं आणि पुन्हा तिच्याकडे येत होतं, मान खाली घालून, शेपूट हलवत. धुरपताबाईचे डोळे सुजले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. माणसाचा आवाज पाडसाच्या कानी जाऊ नये म्हणून तिनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला होता. नेमासा थांब म्हणणार होते. तिला ते फटीतून दिसले. तिनं नको म्हणून मान हलवली, पाडस जवळ येऊ दिलं, आणि फोक उचलला.